रेगे वाजवताना त्याचा केरवा का होतो?

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड, ढोलक, गिटार, बेस आणि कीबोर्ड आहे. रेगे, म्हणजे जमैकाचा ठेका, धरला की दोन ओळींत त्याचा केरवा होतो. कुठे चुकतं?
(घोडबंदर रोड, ठाणे)

उत्तर : समेवर. केरव्यात पहिल्या मात्रेचा ‘धा’ दणकून येतो. रेगेच्या ‘वन ड्रॉप’ ठेक्यात नेमकी तीच जागा मोकळी असते. मेट्रोनोम मिनिटाला १४०-१५० ठोक्यांवर लावून चार मोजा. एकवर किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम) नाही की स्नेअर (काठ्यांनी वाजणारा करकरीत ड्रम) नाही. तीनवर किक आणि साइड स्टिक (स्नेअरच्या कडेवर काठीची टकटक) एकदम. दोन आणि चारवर गिटारचा तुटक कॉर्ड. हाय-हॅट (झांजांची जोडी) चालू राहिला तरी हलका.

ढोलकवाल्याचा हात एकवर पडणारच, वर्षानुवर्षांची सवय आहे ती. ठेका बसेपर्यंत त्याच्या हाती शेकर द्या, तो रागावला तरी चालेल. ऑक्टोपॅडवरचा भरदार स्नेअर काढून साइड स्टिकचा आवाज लावा.

कॉर्ड लांबला की ठेका लोळतो. गिटारवर तारा छेडल्याबरोबर डाव्या हाताची बोटं सैल करा, पण तारांवरून उचलू नका. उचलली की मोकळ्या तारा घुमतात. कीबोर्डवर सूर लांबवणारा सस्टेन बंद. बेसचा ट्रेबल उतरवा आणि त्याला चाल वाजवू द्या, कारण रेगेत गाण्याचा कणा तोच असतो. मात्र सोसायटीच्या हॉलमध्ये स्पीकर कोपऱ्यात ठेवलात तर बेसचे सूर एकमेकांत मिसळून नुसती घरघर ऐकू येईल. भिंतीपासून पुढे ओढा.

प्रश्न : रॅप रेगेतूनच आला असं मुलगा म्हणतो. खरं का?
(ऐरोली)

उत्तर : ठेका नाही आला, रीत आली. जमैकात १९५० च्या दशकाच्या अखेरीस मेंटो हे तिथलं लोकसंगीत आणि रेडिओवरचं अमेरिकन ऱ्हिदम अँड ब्लूज यांतून जलद चालीचा स्का निघाला. १९६६ च्या सुमारास तो संथावून रॉकस्टेडी झाला आणि १९६८ च्या आसपास रेगे. राजधानी किंग्स्टनच्या गल्ल्यांत मोठाले स्पीकर रचून नाच चालायचे; स्पीकरच्या त्या संचाला साउंड सिस्टिम म्हणत. रेकॉर्ड वाजत असताना माइकवाला त्यावर तालात बोलायचा, ते टोस्टिंग. हीच ती रीत. किंग्स्टनमध्ये जन्मलेला डीजे कूल हर्क लहानपणी न्यूयॉर्कला गेला. ११ ऑगस्ट १९७३ ला तिथल्या ब्राँक्स भागातल्या एका इमारतीच्या हॉलमध्ये त्याने पार्टीला संगीत वाजवलं. रॅप ज्याचा भाग, त्या हिपहॉपची सुरुवात तिथून मोजतात. पण त्याने लावल्या त्या रेगेच्या नव्हे, फंक या अमेरिकन नाचाच्या संगीताच्या रेकॉर्ड, कारण तिथल्या पोरांचे पाय त्यावर थिरकत.

रिमिक्सचं श्रेय मात्र मुलाने जमैकाला बिनदिक्कत द्यावं. किंग टबी हा मुळात इलेक्ट्रॉनिक्सचा कारागीर. तयार गाण्यातला आवाज काढून, ड्रम-बेस ठेवून, मधेच एखाद्या शब्दाला एको देऊन तो नवी रेकॉर्ड बनवायचा. त्याला डब म्हणतात.