मुलीच्या पाठीच्या कण्याची वक्रता दर वेळी एक्स-रेऐवजी सोनोग्राफीने मोजता येईल का?

काही प्रमाणात, हो. पण पहिलं निदान आणि ब्रेस (कण्याला आधार देणारा कडक पट्टा) किंवा ऑपरेशनचा निर्णय यांसाठी उभ्याने काढलेला एक्स-रेच लागतो.

कारण असं की ध्वनिलहरी हाडाच्या पलीकडे जात नाहीत. प्रोब (मशीनचा हातात धरायचा भाग) पाठीवरून फिरवला की मणक्यांचे फक्त मागचे भाग दिसतात, पुढचा मुख्य भाग सावलीत राहतो. एक्स-रेवरचा कॉब कोन, म्हणजे बाक किती आहे ते सांगणारा कोन, मात्र त्याच पुढच्या भागाच्या कडांवरून काढतात. स्कोलिओसिसमध्ये, म्हणजे कणा बाजूला वाकण्याच्या या आजारात, मणके नुसते वाकत नाहीत, पिळवटतातही, आणि मागची टोकं बाकाच्या आतल्या बाजूला वळतात. त्यामुळे त्या टोकांवरून मोजलेला कोन बहुधा कॉबपेक्षा कमी भरतो. दोन आकडे शेजारी ठेवून 'बाक कमी झाला' म्हणू नका! तुलना सोनोग्राफीची सोनोग्राफीशीच करा.

खरा उपयोग पाठपुराव्यात आहे. वाढीच्या वयात दर चार-सहा महिन्यांनी तपासणी होते, आणि वारंवार किरणोत्सर्ग, विशेषतः मुलींच्या छातीवर, टाळलेला बरा. हाँगकाँगच्या पॉलिटेक्निक विद्यापीठात यासाठीच उभ्याने स्कॅन करणारं 'स्कोलिओस्कॅन' हे सोनोग्राफी मशीन विकसित झालं. पोटाच्या सोनोग्राफीचं नेहमीचं मशीन म्हणजे ते नव्हे, तेव्हा जवळच्या सेंटरवर थेट जाऊन उपयोग नाही.

बाक मोठा असेल, वजन जास्त असेल किंवा कण्यात रॉड-स्क्रू असतील तर सोनोग्राफीवर फार विसंबू नका. कमी डोसचा एक्स-रे मिळेल का, हेही तुमच्या ऑर्थोपेडिक डॉक्टरांना विचारा.