गोबरगॅसमध्ये काडीकचरा कोंबू नका, पावडरची पुडी तर घेऊच नका

परभणीकडून एका भावाचा प्रश्न आलाय. 2 घनमीटरचा गोबरगॅस, त्यात सोयाबीनचं भुसकट आणि हिरवा पाला टाकायला लागले, पंधरा दिवसात गॅस पेटेनासा झाला, आता दुकानदार म्हणतो जिवाणूची पावडर टाका नि वरून चुना टाका.

दादा, पावडर घेऊ नका. हे मी कितीतरी गावात बघितलंय, बहुतेक ठिकाणी एका दमात जास्त माल टाकलेला असतो. पाला लवकर आंबतो, आम्ल वाढतं, गॅस करणारे जिवाणू दबतात, मग जे येतं त्यात कार्बन डायऑक्साइडच जास्त, ते पेटणार कसं? आंबूस वास येत असेल तर हेच झालंय. आठ-दहा दिवस काहीच टाकू नका, मग निम्मं शेण नि तेवढंच पाणी, ज्योत निळी झाली की नेहमीसारखं रोज 50 किलो शेण, 50 लिटर पाणी. जिवाणू ताज्या शेणातच असतात, पुडीत कशाला विकत घ्यायचे? चुनाही ओतू नका. थंडीत गॅस कमी होतोच, तेव्हा कोमट पाण्यात शेण कालवा पण माल वाढवू नका, वाढवू नका! आणि टाकीत कुणीही उतरायचं नाही, माणसं गुदमरून मरतात.

जालन्याकडून विचारलंय, पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, चालेल का त्यात? नाही. ती लाकडासारखी, टाकीत कुजत नाही, वर थर धरते नि पाइप तुंबतो. पऱ्हाटी, तुराट्या (तुरीची वाळलेली झाडं) पांढऱ्या कोळशाला द्या, म्हणजे काडीकचरा मशीनमध्ये दाबून जळणाच्या कांड्या करतात त्याला. माझा आग्रह एकच, चार-पाच जणांनी मिळून श्रेडर, म्हणजे कुट्टी करायचं यंत्र, आणा, डिसेंबरअखेर कापूस मोडा, फरदड (हंगाम संपल्यावरही तेच पीक पुढे लांबवणं) घेऊ नका आणि पऱ्हाटीची रानातच कुट्टी करा. व्यापारी सांगतो उन्हाळ्यात पऱ्हाटीचा भाव चढेल, तोवर बांधावर गंजी लावा. त्याचं ऐकू नका, किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून बसते नि पुढच्या कपाशीवर तीच येते, भाव त्याला मिळतो, अळी तुम्हाला. कुट्टी वाळवून द्या, ओल 10 टक्क्यांच्या आसपास पाहिजे, ओला माल मशीनमध्ये नीट दाबला जात नाही मग वजनात कापतात. माती पण नको, राख वाढते.

श्रेडरच्या अनुदानाचा अर्ज महाडीबीटीवर (सरकारी योजनांच्या पोर्टलवर) करा, पूर्वसंमती यायच्या आत मशीन घेतलं तर अनुदान गेलं. गोबरगॅसचं पंचायत समितीच्या कृषी विभागात विचारा, खड्डा खोदायच्या आधी.