छळ, छळवाद आणि कांबळंवाला मुलगा

कोथरूडच्या एका पुस्तकभिशीतून प्रश्न आलाय. आत्मचरित्रात्मक कादंबरीचा परिचय लिहायचा आहे. निवेदकाने लहानपणी घरातच मारहाण, उपासमार, नको ते स्पर्श सोसले आणि पुढे ‘मी नेमका कोण?’ या प्रश्नाने त्याची पाठ सोडली नाही. तर याला ‘बालकांचा गैरवापर’ म्हणावं की ‘शोषण’? आणि शोध ‘अस्मितेचा’ की ‘ओळखीचा’?

गैरवापर! पुण्यातल्या कुठल्याही चर्चासत्राला जा, हा शब्द कानावर आदळतोच. पदाचा, पाण्याचा, सरकारी गाडीचा गैरवापर होतो, कारण त्या गोष्टी वापरण्यासाठीच असतात. मुलाचा ‘योग्य वापर’ कसा करतात, हे आधी कुणीतरी सांगावं.

शोषण, अत्याचार हे शब्द सगळ्यांना ठाऊक आहेत, त्यांच्यावर वेळ घालवत नाही. जिथे ‘लैंगिक अत्याचार’ आहे तिथे तसं सरळ लिहा, ‘नको ते स्पर्श’ वगैरे आडपडदा नको. 2012 मध्ये पोक्सो कायदा येऊनही आपण कुजबुजतच बोलायचं का?

बाकी सगळ्यासाठी मराठीत लखलखीत शब्द आहे : छळ. फल-फळ, कमल-कमळ, तसा छल-छळ. संस्कृतात छल म्हणजे कपट, मराठीत छळ म्हणजे जाच. कपटाचा जाच कसा झाला? इथे न्यायशास्त्राकडे, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्राकडे जावं लागतं, आणि मी तर आनंदाने जातो. त्याचा मूळ ग्रंथ न्यायसूत्रं, त्यांतल्या सोळा पदार्थांत, म्हणजे विचाराच्या विषयांत, छल आहे. व्याख्या अशी : ‘वचनविघातोऽर्थविकल्पोपपत्त्या छलम्’. बोलणाऱ्याच्या शब्दाला भलताच अर्थ चिकटवायचा आणि त्याचं म्हणणं हाणून पाडायचं. या सूत्रांवरच्या भाष्यातलं उदाहरण बघा : ‘नवकम्बलोऽयं माणवकः’. या मुलाकडे नवं कांबळं आहे, असं एक जण म्हणतो. दुसरा म्हणतो, नऊ कुठे आहेत? एकच तर दिसतंय! ‘नव’चे अर्थ दोन, म्हणून हा खेळ जमतो. आणि उदाहरणात मूलच असावं!

अशा कादंबऱ्यांत हेच पानोपानी चाललेलं असतं. ‘बाबा मारतात’ म्हटलं की ‘शिस्त लावतात’. ‘काकांकडे नाही झोपायचं’ म्हटलं की ‘लाजाळू आहे हो आमचा’. मूल बोललेलं असतं, ऐकलेलंही असतं, अर्थ तेवढा मोठ्यांनी बदललेला असतो. पुढे निवेदक लिहायला बसतो तो आपल्या वाक्यांचे मूळ अर्थ वसूल करायला. ‘मी कोण’ हा प्रश्नही तिथूनच उपटतो, कारण आपण काय सोसलं हेच त्याला आजवर दुसऱ्यांनी सांगितलेलं असतं.

आता माझा लाडका तर्क. ‘काय छळवाद मांडलाय!’ हे वाक्य पेठांतल्या वाड्यांत वाढलेल्या कुणाला नवं नाही. यातला ‘वाद’ म्हणजे नुसतं शेपूट, असं सांगणारे विद्वान आहेत. मग ‘वितंडवाद’ कुठून आला? वाद (सत्य शोधणारी चर्चा), जल्प (जिंकण्यासाठीची), वितंडा (नुसती खोडून काढणारी) आणि छल ही सगळी एकाच न्यायशास्त्राची भावंडं. पाठशाळांतून शास्त्रीबुवांच्या तोंडून ‘छलवाद’ घरात शिरला आणि स्वयंपाकघरात ‘छळवाद’ झाला, असं मी मानतो. शेपूटवाल्यांनी वितंडवादाचं शेपूट आधी कापून दाखवावं.

‘छळ’ या शब्दावर आक्षेप असा की तो म्हटला की सासू आठवते. आठवणारच. 1983 मध्ये तेव्हाच्या दंडसंहितेत नवरा आणि सासरच्यांच्या क्रूरतेविरुद्धचं कलम 498-अ आलं आणि बातमीदारांनी ‘विवाहितेचा शारीरिक व मानसिक छळ’ हा ठसाच करून टाकला. पण म्हणून शब्द सासरी नांदायला गेला असं नव्हे. बातमीदारांच्या आळसापायी समीक्षकांनी चांगला शब्द टाकून द्यायचा काय?

राहिली अस्मिता. ‘अस्मि’ म्हणजे ‘मी आहे’, त्याचं भाववाचक नाम. पतंजलीच्या योगसूत्रांत हा पाच क्लेशांपैकी, म्हणजे मनाच्या दोषांपैकी एक, आपल्याकडे मोर्चांचा आणि फलकांचा शब्द. या निवेदकाला मिरवायचं काही नाही, त्याला स्वतःला ओळखायचं आहे. तेव्हा ‘ओळख’ लिहा. कादंबरीत योगशास्त्र येत असेल तर गोष्ट वेगळी.

परिचयाचं वाक्य असं करता येईल : ‘घरच्यांनी केलेला छळ आणि त्यातून हरवलेली स्वतःची ओळख, यांची ही कादंबरी.’ शीर्षकात ‘बालपणाचा गैरवापर’ छापणार असाल, तर प्रत मला पाठवू नका.