२४ व्होल्टवरून ५ व्होल्ट, ३ अँपिअर काढायचे आहेत; कंट्रोलर चिप कोणती घेऊ?

३ अँपिअरसाठी बाहेरचे मॉसफेट (करंट चालू-बंद करणारे ट्रान्झिस्टर) लागणारा कंट्रोलर कशाला? स्विच आतच असलेला रेग्युलेटर घ्या. बाहेरच्या मॉसफेटचा खटाटोप साधारण १० अँपिअरपुढे परवडतो.

आधी इनपुटची कमाल मर्यादा बघा. २४ व्होल्टच्या लाइनवर मोटर किंवा रिले असेल तर झटके येणारच, त्यामुळे २८ व्होल्टवाली एमपी१५८४ चिप इथे काठावरची निवड आहे. किमान ४० व्होल्टची घ्या.

मग सिंक्रोनस (डायोडच्या जागी दुसरा मॉसफेट असलेली) की डायोडवाली? ड्यूटी सायकल, म्हणजे स्विच चालू असण्याचा वेळ, ५ ÷ २४, जेमतेम २१ टक्के, म्हणजे उरलेला ७९ टक्के वेळ करंट डायोडमधून वाहणार. ०.५ व्होल्टच खाणारा शॉटकी डायोड धरला तरी ३ × ०.५ × ०.७९, जवळपास १.२ वॅट नुसत्या डायोडमध्ये जातात. बंद डब्यात हे जाणवतं. डायोडवाली एलएम२५९६ चालेल, पण ती १५० किलोहर्ट्‌झची, म्हणून इंडक्टर मोठा लागतो. मी ४०० ते ५०० किलोहर्ट्‌झची सिंक्रोनस चिप घेईन.

२ मेगाहर्ट्‌झच्या मोहात मात्र पडू नका. तिथे ऑन-टाइम (दर फेरीत स्विच चालू राहण्याचा वेळ) उरतो सुमारे १०४ नॅनोसेकंद, आणि बऱ्याच चिपची किमान मर्यादा तिथेच आसपास असते. मग पल्स गळतात, रिपल (आउटपुट व्होल्टेजमधली चढउतार) वाढतो. डेटाशीटमध्ये किमान ऑन-टाइमचा हा आकडा आधी शोधा. इनपुट सिरॅमिक कपॅसिटर चिपच्या पिनांना अगदी चिकटून लावा.