‘पित्या’ हे संबोधन आणि त्यानंतरचा ‘तू’

साताऱ्यातील एका वाचकांनी विचारले आहे की, एका सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नाला ते चर्चमध्ये गेले असता तेथे सर्वांनी मिळून ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या, तुझे नाव पवित्र मानले जावो’ ही प्रार्थना म्हटली. त्यातील ‘पित्या’ त्यांना ‘रम्या’, ‘पक्या’ यांच्या चालीवरचे वाटले. हे रूप शुद्ध आहे का, आणि वडिलांना ‘तू’ कसे म्हणावे, असा त्यांचा प्रश्न आहे.

रूप शुद्ध आहे. ‘नेता’चे ‘नेत्याला’ आणि ‘श्रोता’चे ‘श्रोत्यांनो’ होते, तसेच ‘पिता’चे संबोधन ‘पित्या’ होते. ‘काका’, ‘मामा’, ‘दादा’, ‘बाबा’ हे शब्दही आकारान्तच आहेत, पण नातेवाचक असल्यामुळे त्यांचे ‘काक्या’, ‘बाब्या’ असे काही होत नाही (झालेच तर ते चिडवण्यासाठी). ‘पिता’ हाही अर्थाने नातेवाचकच, तरी तो ‘नेता’च्या पंगतीत बसतो, कारण, माझ्या समजुतीप्रमाणे, ‘पिता’ म्हणून आपल्या वडिलांना कोणी हाक मारत नाही. आमच्या भागात आबा, अण्णा, तात्या, नाना अशा हाका चालतात. ‘पिता’ हा शब्द ग्रंथात आणि शाळेच्या दाखल्यावर भेटतो, त्यामुळे त्याचे संबोधन कानाला सवयीचे नाही, एवढेच.

‘तू’चा उलगडा अधिक रंजक आहे. मराठी घरात आईला ‘तू’ आणि वडिलांना ‘तुम्ही’ म्हणण्याची रीत जुनी आहे. देवाला मात्र, तो विठ्ठल असो की खंडोबा, आपण ‘तू’च म्हणतो. ख्रिस्ती प्रार्थनेत देव आणि पिता एकच असल्यामुळे दोन रीतींपैकी एक निवडणे भाग होते, आणि अनुवादकांनी देवाची रीत निवडली. मूळ ग्रीकमध्येही येथे एकवचनच आहे, पण त्या भाषेत आदरार्थी बहुवचनाची आपल्यासारखी सोय नव्हती, म्हणून त्या आधारावर फार भार देऊ नये. ‘वडील’ हा शब्द येथे चाललाच नसता. तो आदरार्थी बहुवचनातच वावरतो आणि त्याने हाक मारता येत नाही.

मग ‘बाप’ का नको? तो नव्या करारात, म्हणजे बायबलच्या येशूविषयीच्या भागात, आहेच. गेथशेमाने बागेत, अटकेपूर्वी प्रार्थना करताना, येशूच्या तोंडी ‘अब्बा, बापा’ असे शब्द आहेत (मार्क १४:३६), आणि येशूचा प्रेषित पौल याच्या रोमकरांस व गलतीकरांस लिहिलेल्या पत्रांतही हीच जोडी येते. ‘अब्बा’ हा अरामी भाषेतला घरगुती शब्द. तो केवळ तान्ह्या मुलाचा बोबडा बोल होता असे पुष्कळदा सांगितले जाते, पण मोठी माणसेही तो वापरत असत. उर्दू बोलणाऱ्या आपल्या शेजारच्या घरातून ऐकू येणारा ‘अब्बा’ त्याच सामी (अरामी, अरबी, हिब्रू या भाषांच्या) कुळातला आहे. त्याच्या शेजारी ‘पित्या’ अवघडून उभा राहिला असता, ‘बापा’ सहज बसतो. शिवीगाळीत सापडल्यामुळे ‘बाप’ आज रांगडा वाटतो खरा, परंतु ज्ञानेश्वरांच्या अभंगांतील ‘बाप रखुमादेवीवरू’ ही मुद्रिका आणि ‘मायबाप’ हा शब्द आठवला की त्यातील जुना जिव्हाळा कळतो.

प्रश्नात नसलेला, पण सातारकराने लक्षात घ्यावा असा एक शब्द रोमकरांस पत्राच्या त्याच ओळीत (८:१५) आहे: ‘दत्तकपणाचा आत्मा’. ख्रिस्ती विचारानुसार येशू हा देवाचा सनातन पुत्र, तर श्रद्धावंत हे दत्तक घेतलेली मुले. म्हणून प्रार्थनेतील ‘आमच्या’ हा शब्द जन्माच्या नव्हे, तर कृपेने मिळालेल्या हक्काचा आहे. रोमन कायद्यात दत्तक मुलाला वारसा मिळत असे, आणि दोनच ओवींनंतर पौल ‘मुले’ म्हणताच ‘वारीस’ही म्हणतो. १८४८ साली शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराज वारले तेव्हा त्यांचा दत्तक कंपनी सरकारने मानला नाही आणि साताऱ्याचे राज्य खालसा झाले. दत्तक आणि वारस या दोन शब्दांमध्ये केवढे अंतर पडू शकते, हे या गावाला निराळे सांगायला नको.