आखाडाआधी कोंबडीचे प्रश्न

आखाड जवळ आला की माझ्यासारख्या पशुवैद्यकाकडे तेच ते प्रश्न येतात. सातारा-सांगलीच्या वाचकांनी यंदा विचारलेले एकत्रच घेतो.

गावरान कोंबडा कापण्याजोगा कधी होतो? (कोरेगाव)

पाच-सहा महिन्यांनी, किलो-सव्वा किलोचा झाला की.

ब्रॉयलर सहा आठवड्यांत दोन किलोचा होतो, म्हणजे हार्मोनची इंजेक्शनं देत असणारच ना? (तासगाव)

नाही. ती करामत निवड पैदाशीची आणि खाद्याची आहे. पाच हजार पक्ष्यांच्या शेडमध्ये एकेक पक्षी धरून सुई टोचायला माणसं कुठून आणायची?

एक जण कडकनाथची पिल्लं देतो, वाढवून दिली की चढ्या भावाने परत घेतो म्हणतो. शिवाय ती औषधी असते म्हणे. घेऊ का? (आटपाडी)

तुम्ही सांगली जिल्ह्यातले, आणि हे मला विचारता? याच जिल्ह्यात, वाळवा तालुक्यातून सुरू झालेल्या असल्याच योजनेत २०१९ साली किती जणांचे पैसे बुडाले, ते जरा आठवा. जातीचा त्यात दोष नाही. झाबुआच्या कडकनाथला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे आणि मांसही चांगलं असतं. पण काळं मांस म्हणजे औषध नव्हे. कागदावर सही करण्याआधी वकिलाला दाखवा आणि पिल्लं घेण्याआधी पशुधन विकास अधिकाऱ्यांना विचारा.

पाण्यात हळद-लसूण घातली तर मानमोडी (राणीखेत रोग) टळते का? (जत)

नाही. लस टोचा.

दोन कोंबड्या मेल्या, बाकीच्या पेंगतात. मरण्याआधी कापून खाल्ल्या तर निदान पैसे तरी वाचतील. शिजवल्यावर काय होतंय? (खटाव)

हा प्रश्न मी तीस वर्षं ऐकतोय, आणि दर वेळी डोकं फिरतं.

गेल्या वर्षी एक ताई डालग्यावर लुगडं टाकून दवाखान्यात आल्या. आत चार कोंबड्या होत्या. एकीची मान पाठीवर उलटी वळलेली, शेपटीखालची पिसं हिरव्या हगवणीने चिकटलेली. मूळ एकोणीस होत्या. आठ मेल्या आणि सात ‘वाया जाऊ नयेत’ म्हणून कापल्या. त्यातल्या दोन लेकीकडे पाठवल्या. पिसं उकिरड्यावर, आतडी कुत्र्यांना. आठवड्यात लेकीच्या गल्लीतली खुराडी रिकामी झाली.

नीट शिजलेल्या मांसात विषाणू टिकत नाही, हे खरं. पण शिजण्याआधी काय काय होतं? तुम्ही ती धरता, कापता, सोलता, धुता. त्या पाण्याबरोबर, पिसांबरोबर, तुमच्या चपलेबरोबर रोग गावभर फिरतो. मानमोडीने माणसाचे डोळे लाल होण्यापलीकडे सहसा काही होत नाही, पण ही मानमोडीच आहे हे तुम्ही कशावरून ठरवलं? बर्ड फ्लूसुद्धा अशाच मरीने सुरू होतो. देशात तो पहिल्यांदा सापडला आपल्याच राज्यात, २००६ साली नवापूरला. माणसाला त्याचा धोका असतो तो आजारी पक्षी हाताळताना आणि सोलताना.

तेव्हा पेंगणारी कोंबडी कापायची नाही, विकायची नाही, पाहुण्याला द्यायची नाही. मेलेल्या ओढ्यात फेकू नका. विहिरीपासून लांब, खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. पण एक ताजी मेलेली पिशवीत दुहेरी बांधून पशुवैद्यकाला दाखवा. चिरून पाहिल्याशिवाय मलाही खात्रीने सांगता येत नाही. आणि हे पहिल्याच दिवशी करा. लोक येतात चौथ्या दिवशी, तोवर खुराड्यात दाखवायला काही उरत नाही.

‘डॉक्टर, दहा कोंबड्यांना मानमोडीच्या लसीची शंभर मात्रांची कुपी कोण घेणार?’ असंही ऐकवतात. अहो, गल्लीतली पाच घरं एकत्र या. कुपी थर्मासात बर्फ घालून आणा आणि कालवली की दोन तासांत संपवा. पहिल्या आठवड्यात लासोटा लसीचा थेंब डोळ्यात, सहा ते आठ आठवड्यांनी पंखाखाली इंजेक्शन. मधल्या लसी किती आणि केव्हा, ते दवाखान्यात विचारा.

मेडिकलमधून आणलेला अँटिबायोटिकचा पुडा पाण्यातून देतोय. रविवारी कापायची आहे, चालेल? (कराड)

नाही चालणार. औषध बंद केल्यावर मांस किती दिवस खायचं नाही, हे पुड्यावर लिहिलेलं असतं. दुकानदाराने ते वाचून दाखवलं का? कोलिस्टिन या अँटिबायोटिकवर तर खाण्याच्या जनावरांसाठी २०१९ पासून बंदीच आहे. पुडा घेऊन पशुवैद्यकाकडे जा आणि रविवारी वांगं करा.

कापताना फार तडफडते, पोरं रडतात. त्रास कमी कसा करायचा? (वाई)

असं विचारणारे कमीच. आदल्या रात्रीपासून दाणा बंद ठेवा, पाणी चालू. पाय बांधून मोटारसायकलच्या हँडलला उलटी लटकवून आणू नका, डालग्यात आणा. इतर कोंबड्यांसमोर कापू नका. तळ कापलेल्या पत्र्याच्या नरसाळ्यात ती डोकं खाली करून ठेवली की पंख आपटत नाहीत. सुरी वस्तऱ्यासारखी हवी. गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या शिरा एकाच घावात तुटल्या पाहिजेत. बोथट सुरीने घासत बसणं हा खरा छळ. त्यानंतरची फडफड बहुतेक नसांची असते. दीड-दोन मिनिटं रक्त पूर्ण जाऊ द्या. डोळ्याला बोट लावून पाहा. पापणी जराही हलली तर थांबा. मगच गरम पाण्यात, आणि तेही उकळतं नको. साठ-पासष्ट अंशांवर पिसं सहज सुटतात, कातडी फाटत नाही.

पहिल्या वेळी स्वतः करू नका. सराईत माणसाच्या शेजारी उभं राहून बघा.