टॅबलेटवरचं चित्र पडद्यावरून खाली उतरवायचं कसं? बेळगावातून एक उत्तर

तुझा प्रश्न थोडक्यात असा: बी.कॉम. झालीस, खानापुरात राहून टॅबलेटवर चित्रं काढतेस, इन्स्टाग्रामवर वाहवा होते, पण बेळगावात कुणी त्याला चित्रकला मानत नाही. पुणं गाठावं का? आणि इथंच राहायचं तर कसले प्रयोग करावेत, इथल्या कलावंत मंडळींत शिरायचं कुठून?

पगारासाठी पुण्याला खुशाल जा, स्टुडिओ तिकडंच आहेत. प्रयोगांसाठी मात्र गाव सोडायची गरज नाही. आपल्याकडची अडचण निराळीच आहे. मोबाइलवर चित्र दाखवलं की समोरचा ‘छान हाय की’ म्हणतो आणि बोटानं पुढं सरकवतो. तेच चित्र कापडावर, मिरवणुकीत किंवा साडीच्या काठात दिसलं तर तोच माणूस थांबतो, चुका काढतो, भाव विचारतो. म्हणून माझं सांगणं एवढंच, की वर्षभर फाईल हे तुझं शेवटचं काम धरू नकोस. फाईल कुठल्या तरी कारागिराच्या हातात जाऊ दे. ओळखी तिथंच होतात.

मी सुरुवात वडगाव-शहापूरकडं, म्हणजे बेळगावच्या विणकरांच्या भागात केली, माझं घरच तिथं म्हणून. साडीच्या काठाची नक्षी जकार्डवर (मागावरचं नक्षी विणायचं यंत्र) चढण्याआधी ग्राफ कागदावर उतरते. एक चौकोन म्हणजे धागा वर की खाली, एवढाच निर्णय. म्हणजे तू ज्याला पिक्सेल आर्ट म्हणतेस ते काम आपल्याकडं टॅबलेट यायच्या कितीतरी आधीपासून चालू आहे. आता आपल्या ब्रशची कड मऊ असते, काळ्या-पांढऱ्याच्या मधे करड्या छटा येतात, आणि मागाला करडं कळत नाही. तेव्हा ब्रशचं अँटी-अलायझिंग बंद करायचं. काठात जेवढे धागे तेवढेच पिक्सेल रुंदीला घ्यायचे. हा आकडा ज्याच्या मागावर विणायचं त्यालाच विचार, प्रत्येकाचा वेगळा असतो. आणि मग चौकोन भरत बसायचं.

खरी गंमत पुढं आहे. माझी कोयरीची नक्षी बघून एका विणकर आजोबांनी आतून एक जुना काठ आणला, उलटा केला आणि मागच्या मोकळ्या धाग्यात नख अडकवून दाखवलं. ‘सलग एवढं चौकोन भरलंस की धागा मागं असा लोंबतंय. बांगडी अडकणार बघ हितं.’ जुन्या काठांत मोठ्या पाकळीच्या पोटात बारीक ठिपके किंवा तिरप्या रेघा असतात ना, त्या नुसत्या शोभेच्या नव्हेत. तिथं धागा बांधून घेतलेला असतो. त्या दिवसापासून माझ्या साध्या पोस्टरमधेसुद्धा मोठी सपाट जागा मी तशी मोकळी सोडत नाही. नक्षीच्या उंचीचंही असंच आहे. एका आडव्या ओळीला एक पंचकार्ड, म्हणजे भोकं पाडलेला पुठ्ठा लागतो, म्हणजे नक्षी जितकी लांबवशील तितका खर्च वाढला. थोड्या ओळींत नक्षी बसवून ती उघड पुनरावृत्ती वाटणार नाही असं करणं, हा सराव कुठल्याच ऑनलाइन कोर्समधे मला मिळाला नाही. इलेक्ट्रॉनिक जकार्ड असेल तर बिटमॅप फाईल थेट चालते, पण लोंबत्या धाग्याचा नियम तिथंही सुटत नाही.

दुसरी जागा किल्ल्यातली कमल बस्ती, म्हणजे जुनं जैन मंदिर. १२०४ सालची, रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बिचिराज यानं बांधलेली. मुखमंडपाच्या छताला जे कमळ आहे त्याच्या ७२ पाकळ्या मोजतात: भूत, वर्तमान आणि भविष्य अशा तीन काळांचे प्रत्येकी २४ तीर्थंकर. क्रिता या चित्र काढायच्या सॉफ्टवेअरमधे मल्टिब्रश आहे, त्यात अक्षांची संख्या टाकली की एक पाकळी काढताच बाकीच्या आपोआप उमटतात. एकदा तसं करून बघच. कमळ अगदी बिनचूक येतं आणि स्टीलच्या ताटावरच्या छापासारखं दिसतं. नंतर बस्तीत जाऊन मान वर करून निवांत बघ. तिथं हातानं केलेल्या कामाचा बारीक फरक पाकळीपाकळीत सापडतो. मग मी अक्ष बंद करून हातानंच काढते, मल्टिब्रश फक्त अंतरं आखण्यापुरता. तिपाई न्यायची असेल तर आधी परवानगी विचार, पुरातत्त्व खात्याच्या जागांवर ती लागते.

त्रिमितीत रस असेल तर तुझ्याच तालुक्यात हलशी आहे, तिथलं भूवराह-नरसिंह मंदिर आहे. मोबाइलनं फोटो काढून त्यांतून मॉडेल तयार करता येतं. प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा निदान ६०-७० टक्के भाग आला पाहिजे, आणि आभाळ भरलेलं असलं तर उत्तम. कडक उन्हातल्या सावल्या मॉडेलवर चिकटून बसतात. आपल्याकडं ढगांची काय कमी! फक्त पाऊस थांबलेला बघून जा.

आता चित्ररथ. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास आपली शिवजयंती होते आणि मग रात्रीची मिरवणूक निघते, हे तुला काय सांगायचं. एखाद्या मंडळाला मागचा देखावा करून देते म्हणून विचार. नाही म्हणणारं मंडळ मला अजून भेटलेलं नाही (पैसे देणारं शोधावं लागतं). दहा बाय आठ फुटांच्या पडद्याला ३०० डीपीआयचा (इंचाला ३०० ठिपके) हट्ट धरलास तर फाईल ३६,००० बाय २८,८०० पिक्सेलची होते आणि मशीन गारठतं. लोक रस्त्याच्या कडेनं बघतात, ७२ पुष्कळ झालं: ८,६४० बाय ६,९१२. अडचण रंगांची येते. टॅबलेटवर झगमगणारा निळा-जांभळा शाईत उतरतच नाही, आणि रात्रीचा गड काढलास तर छापून नुसता काळा गोळा येतो. सावल्या मुद्दाम उजळ ठेव. आधी फूटभर पट्टी छापून घे आणि ती दुकानातल्या ट्यूबलाइटखाली बघून भागत नाही, हॅलोजनसमोर धरून बघ. जमलं तर कापडावर छाप, खर्च थोडा जास्त येतो. १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनरवर १ जुलै २०२२ पासून बंदीच आहे.

राहिली मंडळींत शिरायची गोष्ट. वरेरकर नाट्य संघात चित्रकार के. बी. कुलकर्णींच्या नावाचं कलादालन आहे. प्रदर्शन कुणाचंही असो, जात राहा. उद्घाटनाच्या दिवशी नको, त्या दिवशी भाषणं आणि हार असतात. मधल्या एखाद्या दुपारी जा, चित्रकार रिकामा बसलेला असतो आणि मोकळेपणानं बोलतो. ‘बटण दाबलं की चित्र होतं’ हे ऐकायची तयारी ठेव. वाद घालू नकोस, स्केचबुक काढून दाखव. के. बीं.च्या हाताखाली तयार झालेले रवी परांजपे बेळगावचेच, आणि त्यांनी जाहिरातीच्या, इलस्ट्रेशनच्या कामात नाव कमावलं, हे तिथल्या जुन्या लोकांना चांगलं ठाऊक असतं. ‘धंद्याचं काम म्हणजे कला नव्हे’ असा सूर कुणी लावलाच तर एवढी आठवण पुरते.

कन्नड चित्रकारांची प्रदर्शनंही सोडू नकोस, निम्मं कलाक्षेत्र तिकडं आहे. तुझं कन्नड मोडकं असलं तरी कुणी हसत नाही. पोस्टरही दोन्ही लिपींत कर. बलूची देवनागरी आणि तिचीच कन्नड जोडी बलू तम्मा हे दोन्ही फॉन्ट फुकट आहेत, शेजारी ठेवले की एका घरातले वाटतात. कन्नडमधे जोडाक्षराचा भाग अक्षराखाली लोंबतो, म्हणून त्या ओळींत अंतर जास्त सोड.

नवा टॅबलेट, आयपॅड वगैरेच्या नादी आत्ताच लागू नकोस. आहे तो चालतोय ना? झालं तर. क्रिता फुकट आहे, त्रिमितीसाठीचं ब्लेंडर फुकट आहे.

पैशाचं मात्र नीट ऐक. माझं एक चित्र एका मंडळानं न विचारता दुसऱ्या वर्षी पुन्हा छापलं, वर कुणा तिसऱ्याला देऊनही टाकलं. भांडायला गेले तेव्हा कळलं की १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम १७ आहे. कुणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन चित्र काढलं आणि वेगळं काही ठरलेलं नसलं, तर पहिला मालक काम सांगणारा. चित्रकार नव्हे! त्यामुळं काम घेतानाच व्हॉट्सॲपवर का होईना, चार ओळी लिहून ‘होय’ म्हणून उत्तर घेऊन ठेव: चित्राचा हक्क माझ्याकडे, वापर याच वर्षी आणि याच मिरवणुकीसाठी, लेयर असलेली फाईल मिळणार नाही, निम्मे पैसे आधी. कार्यकर्ते ओळखीचे असले तर जास्तच आठवणीनं लिही.